ठसका

घोडीच्या नाकावर मी साड्यांच्या दुकानातली मोठी प्लास्टिकची पिशवी धरली, तेव्हा भोवती तीसचाळीस माणसं गोळा झाली होती.

"मॅडम," दस्तगीरचाचा म्हणाले, "घोडी विकायचीय. पार्सल न्हाई करायची."

माणसं हसली. मी हसले नाही, कारण मी श्वास मोजत होते. स्वतःचाच उच्छ्वास परत आत गेला की जनावर खोल श्वास घेऊ लागतं, आणि एरवी लपून राहणारी घरघर स्टेथोस्कोपमधून ऐकू येते. पिशवी काढल्यावर निरोगी घोडं दोनचार श्वासांत पूर्ववत होतं. छातीत काही असलं तर खोकतं. ही घोडी खोकली नाही. तिनं माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं आणि चघळायला सुरुवात केली.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पशुवैद्यकीय दवाखान्यात मला नेमणूक मिळून आठ महिने झाले होते. त्या दवाखान्यातली मी पहिलीच बाई. शेळ्या आणि कोंबड्या माझ्याकडे येत. बैल मात्र माझी रजा असेल त्या दिवशी यायचे. घोडा तपासायला मला बोलावलं गेलं ते दिवाळीनंतरच्या घोडेबाजारात, पहिल्यांदाच.

बोलावणारा होता रंगनाथ घोडके. आडनाव घोडके, पण घरात तीन पिढ्या घोडं नव्हतं. एक लुना होती. गाव त्याला लुनावाला घोडके म्हणायचं, आणि ते नाव पुसून टाकायचं म्हणून त्यानं वरातीची घोडी घ्यायचं ठरवलं होतं. घोडी विकणारे दस्तगीर मुलाणी हे बाजारातले जुने व्यापारी. पांढरी दाढी, डोक्याला टॉवेल, आणि प्रत्येक वाक्याला एक चिमटा.

घोडीचं नाव बत्ताशी. नुकरी, म्हणजे नुसत्या केसांनी नव्हे तर कातडीनंही गोरी. नाकपुड्या गुलाबी. तिच्याकडे बघून माणसं नकळत आवाज खाली आणत.

माझी तपासणी चालली होती तशी घोडीच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक तपासणी चालली होती. रंगनाथची थोरली बहीण सोनाक्का घोडीच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघत होती. उंच, सुकलेली, कपाळावर गोंदण. गळ्याखालचा देवमन, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, सापडला तशी तिनं मान हलवली. मी कागदावर लिहिलं, श्वसनसंस्था निर्दोष, आणि सही केली. घोडीच्या पाठीवरून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन परीक्षक एकाच विद्यार्थ्याला पास करतात, तसं.

दस्तगीरचाचांनी जांगड म्हणून आठ दिवस दिले. आठव्या दिवशी ते स्वतः गावात येणार, आणि तोवर घोडीत काही खोड निघाली तर ती परत घेऊन जाणार. "पर निघायची न्हाई," ते म्हणाले. "सरकारी कागद हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी लुनाचा आवाज दवाखान्याच्या फाटकाशी आला. रंगनाथ उतरला, पण आत येईना. काय झालं ते आमच्या कंपाउंडरला, भिसेला, त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"घोडी खोकती व्हय?" त्यानं विचारलं.

रंगनाथनं मान हलवली.

"मॅडम," भिसे माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर्टिफिकेट लिहिताना माणसानं जरा जागा सोडून लिहावं. पुढंमागं एखादा शब्द घालायला बरं पडतं."

मी बॅग उचलली आणि लुनावर मागे बसले. गावात पोचेपर्यंत मी मनातल्या मनात पुस्तकाची पानं उलटत होते. ताप असेल तर एक रोग, घशाच्या गाठी सुजल्या असतील तर दुसरा. ताप नसेल आणि जुनाच दमा असेल, तर मी फसले होते. दमेकरी घोड्याला आठवडाभर उघड्यावर बांधायचं, चारा भिजवून घालायचा, आणि बाजारात ते चार दिवस ठणठणीत दिसतं, ही व्यापाऱ्यांची जुनी युक्ती मला माहीत होती. माहीत असून मी सही केली होती.

गोठा नवा होता. बुटक्या भिंती, वर पत्रा, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट, आणि मागच्या भिंतीत खाली विटांची जाळी. रंगनाथनं घोडीसाठी हौसेनं बांधला होता. जाळीखाली बाहेरच्या बाजूला राखेचं एक खापर पडलं होतं. मी ते ओलांडून आत गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

घोडी शांत उभी होती. ताप नाही. गाठी नाहीत. मिनिटाला बारा श्वास. मी पिशवी धरली, ती खोकली नाही. ओढणी मात्र मी या वेळी आधीच मागे बांधली होती.

मी रंगनाथला सांगितलं की कडबा भिजवून घालायचा, खाली भुसा नको, गोठा झाडताना घोडी बाहेर काढायची. तो म्हणाला, करतो. सोनाक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "औषध न्हाई दिलं?" मी म्हटलं, रोग सापडल्याशिवाय औषध देत नाही. आत जाताना ती म्हणाली, "काहींना रोग दिसतच न्हाई."

चौथ्या दिवशी पुन्हा लुना. घोडी खोकली होती, आदल्या दिवसापेक्षा जास्त. डोळ्यातून पाणी आलं, नाकपुड्या फुगल्या, आणि पहाटेपर्यंत सगळं ओसरलं. मी पुन्हा गेले. बारा श्वास.

तेव्हा मी रंगनाथला एक वही दिली. घोडीच्या कुशीकडे बघायचं, एक मिनिट मोजायचं, दिवसातून चार वेळा लिहायचं. भाबडा असला तरी माणूस कामाचा पक्का होता. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. सकाळी बारा. दुपारी तेरा, आणि पुढे लिहिलं होतं, माशी बसली म्हणून. चार वाजता बारा. दिवेलागणीनंतर छत्तीस.

छत्तीसवर मी बोट ठेवलं. "या वेळेला काय होतं?"

"काय न्हाई."

"कुणी चारा घालतं? झाडतं? चूल पेटते?"

"चूल पुढच्या अंगाला हाय. मागं काय न्हाई." तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तीन दिसांनी चाचा येणार. नवव्या दिवशी पहिली वरात हाय. घोडी परत गेली तर मी पुन्हा लुनावाला. आन तुमचा कागद..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. ते पुरं करायची गरज नव्हती. पुढचे सगळे बैल माझ्या रजेच्या दिवशीच आले असते, आणि कदाचित शेळ्याही.

सहाव्या दिवशी मी ठरवून चार वाजता गेले. घोडी बारा श्वासांवर. मी बाजेवर बसले आणि सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत थांबते.

घरात एकदम लगबग सुरू झाली. मला चहा मिळाला. अर्ध्या तासानं दुसरा मिळाला. रंगनाथनं सांगितलं की सहाची एसटी शेवटची आहे. मी म्हटलं, तू लुनावरून सोड. तो म्हणाला, लुनात पेट्रोल नाही. सोनाक्कानं आकाशाकडे बघून सांगितलं की आभाळ भरलंय. नोव्हेंबरचं आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. मला वाटलं, यांनी दुसरा डॉक्टर बोलावला आहे आणि माझ्यासमोर त्याला आणायची लाज वाटते आहे.

पावणेसहाला मी उठले, सगळ्यांचा निरोप घेतला आणि एसटीच्या रस्त्याला लागले. वळणावर बाभळीआड गेल्यावर ओढ्यातून माघारी फिरले आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले. शासनाची वर्ग एकची अधिकारी. एक मुंगळा माझ्या पायावर चढला, तरी मी हलले नाही.

आधी गावकरी आले. बत्ताशीला बघायला रोज संध्याकाळी माणसं येत असत, ते मला आता कळलं. त्या दिवशी अकरा होती. प्रत्येकानं काही ना काही कौतुक केलं. कुणी म्हणालं, दुधात भिजवून काढल्यागत दिसती. एक म्हातारा म्हणाला, आमच्या लग्नात अशी असती तर मी उतरलोच नसतो.

मग सोनाक्का आली. एका हातात निखाऱ्यांचं खापर, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. ती आत गेली आणि घोडीवरून मूठ ओवाळली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, बघून न बघितल्यासारखं करणाऱ्याची, असं काहीसं पुटपुटत होती. बाहेर येऊन तिनं खापर नेहमीच्या जागी, जाळीखाली ठेवलं आणि मूठ त्यात सोडली. मीठ तडतडलं, मोहऱ्या उडाल्या. सात लाल मिरच्या काळ्या पडत गेल्या.

सगळे खापराकडे बघत उभे होते. शिंक नाही, खोकला नाही. मलाही काही जाणवलं नाही, आणि मी तीन पावलांवर होते.

"बघा," सोनाक्का म्हणाली. "सात मिरच्या, आन एक ठसका न्हाई. काल पाच हुत्या, कालबी न्हाई. केवढी नजर लागलीय जनावराला. उद्या नऊ घालते."

लोकांनी माना हलवल्या. ज्याला दृष्ट लागलेली नाही त्याच्यावरून मिरच्या ओवाळून जाळल्या तर घरभर ठसका उठतो. लागलेली असली तर मिरच्या निमूट जळतात. हा नियम मीही लहानपणापासून ऐकला होता.

तेवढ्यात गोठ्याच्या आत बत्ताशी खोकली. एकदा, मग तीनदा, मग थांबेचना.

मी गंजीमागून उठले. केसांत कडब्याची पात अडकली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाई," सोनाक्का म्हणाली, "यष्टी चुकली का?"

"चुकली. आक्का, देवघरातली एक उदबत्ती मिळेल का? पेटवलेली."

तिनं डोळे बारीक केले, पण देवाच्या वस्तूला नाही म्हणता येईना. उदबत्ती आली. मी ती जाळीपाशी धरली. धुराची रेघ वर गेलीच नाही. ती आडवी झाली आणि सुतासारखी सरळ जाळीतून आत शिरली. दिवसभर तापलेला पत्रा अजून गरम होता. आतली हवा वरच्या फटीतून निसटत होती आणि तिच्या जागी खालून, जाळीतून, बाहेरची ओढली जात होती. रंगनाथनं घोडीसाठी गोठा बांधला नव्हता. धुराडं बांधलं होतं, आणि त्याच्या तोंडाशी रोज मिरच्या जळत होत्या. बाहेरच्यांना ठसका लागत नव्हता, कारण सगळा ठसका एकटी बत्ताशी घेत होती. ती जितकी खोके तितकी नजर मोठी, आणि नजर मोठी म्हणून दुसऱ्या दिवशी दोन मिरच्या जास्त.

आधी मी आत जाऊन घोडीला सोडून अंगणात आणलं. नंतर काय बोलावं याचा विचार केला. अकरा माणसं उभी होती. मी म्हटलं असतं की तुमच्या दृष्ट काढण्यानं घोडी आजारी पडली, तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की बाई आपली चूक सोनाक्कावर ढकलते. सोनाक्काचा शब्द त्या गावात चाळीस वर्षांचा होता. माझा आठ महिन्यांचा.

"आक्का," मी म्हटलं, "ठसका लागला तर नजर नाही. बरोबर?"

"व्हय."

"आणि नाही लागला, तर आहे."

"व्हय. तुमच्या पुस्तकात नसंल ते."

"नाही. पण पुस्तकात एक दुसरं आहे. एकाच जागी केलेली तपासणी आम्ही पक्की धरत नाही. तेच सामान, तेच हात, फक्त जागा दुसरी. उत्तर तेच आलं तर खरं."

सोनाक्का बराच वेळ माझ्या हातातल्या उदबत्तीकडे बघत होती. मग म्हणाली की एका दिवशी दोनदा दृष्ट काढत नाहीत. मी म्हटलं, मग उद्या. जागा मी सुचवते, बाकी सगळं तुमचं.

"नऊ मिरच्या?" तिनं विचारलं.

"नऊच," मी म्हटलं. त्या संध्याकाळी मी एकही शब्द खोटा बोलले नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

सातव्या दिवशी मी लवकर गेले आणि अंगणात बोट ओलं करून फिरले. वारा पूर्वेकडून होता. अंगणाच्या पूर्व टोकाला शेवग्याचं झाड होतं. गोठ्यापासून चाळीस पावलं, आणि ओटा बरोबर वाऱ्याच्या वाटेत. मी जागा दाखवली, आणि सगळ्यांनी ओट्यावर बसावं असं सुचवलं. बघायला आदल्या दिवशीच्या दुप्पट माणसं होती. पुढच्या ओळीत जागा मिळावी म्हणून थोडी ढकलाढकली झाली. कंपाउंडर भिसेही आला होता. मी त्याला अगदी मधोमध बसवलं.

सोनाक्कानं मूठ ओवाळली, शेवग्याखाली जाऊन खापर ठेवलं, मूठ सोडली.

आधी म्हातारा खोकला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळा ओटा एकदमच. माणसं उपरण्यात तोंड खुपसून खोकत होती, एक बाई पदर तोंडावर धरून शिंकत होती, रंगनाथच्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या आणि तो हसत होता. भिसे ओट्यावरून मागच्या बाजूला उतरायला गेला आणि घमेल्यात पाय घालून बसला. मला स्वतःला इतका ठसका लागला की बोलता येईना. सोनाक्का शेवटपर्यंत ताठ उभी राहिली. मग तिच्याही छातीतून एक खोकला आला. लहानसा, अगदी नाइलाजानं.

"उतरली," ती म्हणाली.

गोठ्यात बत्ताशी शांतपणे कडबा खात होती. रंगनाथनं वहीत लिहिलं, दिवेलागणीनंतर बारा. आकड्याखाली त्यानं दोन रेघा मारल्या.

सोनाक्कानं त्याच दिवशी जाहीर केलं की त्या घरातली दृष्ट यापुढे शेवग्याखालीच काढली जाईल. गोठ्यामागची जागा खोटी आहे, तिथं खरं-खोटं कळत नाही. मी त्याला अनुमोदन दिलं.

आठव्या दिवशी दस्तगीरचाचा आले. त्यांच्या कानावर काय काय गेलं होतं कोण जाणे, चेहरा पडलेला होता. आल्या आल्या त्यांनी घोडीला अंगणात चार फेऱ्या पळवलं. मग माझ्यापुढे हात केला. "पिशवी आणलीय का, मॅडम?"

पिशवी त्यांनी स्वतः धरली, मला बाजारात बघून जशी शिकले होते तशी. काढली. बत्ताशी खोकली नाही. तिनं त्यांच्या टॉवेलाचं टोक ओढलं.

ओट्यावर बसून त्यांनी सगळी हकिकत सोनाक्काकडून ऐकली. नजर कशी होती, मिरच्या किती, जागा कशी बदलली. मधेच ते पाणी प्यायचं निमित्त करून गोठ्याच्या मागे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या एका बोटाला काजळी होती. जाळीच्या आतल्या अंगाची. ते माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "आमच्यात नजरंला ऊद जाळत्यात. मीबी एकदा एक घोडं असंच परत नेलं हुतं. घरी नेल्यावर खोकायचं थांबलं. लई वर्सांनी कळलं." बोट त्यांनी आपल्याच पायजम्याला पुसलं आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, "कागद खरा हाय. घोडी तुमची."

नवव्या दिवशी वरात निघाली. बँडवाल्यांनी इतका धूर केला की मी पूर्ण वेळ घोडीच्या कुशीकडे बघत चालले. मिनिटाला सोळा. वरातीच्या मानानं उत्तम.

त्यानंतर माझ्याकडे बैल यायला लागले, तेही मी असेन त्या दिवशी. पण त्यांच्याबरोबर एक अडचण आली. म्हैस आटलेला एक जण दारात उभा राहून विचारत होता, आधी सुई, की आधी मिरच्या? सोनाक्का आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून या, त्या दुसऱ्या जागी तपासतात. मला ते नाकारता येईना. तीन वर्षं मी आधी सुईच दिली, आणि मिरच्यांच्या प्रश्नावर अक्कलहुशारीनं गप्प राहिले.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. सामान ट्रकमध्ये भरून झालं होतं. सोनाक्का एकटीच आली. पिशवीतून तिनं खापर काढलं, मीठ, मोहऱ्या, मिरच्या. म्हणाली, एवढ्या गावाच्या तोंडी तुमचं नाव, अशी कशी जाऊ देऊ. शेवटच्या चहासाठी बाहेर ठेवलेल्या माझ्याच शेगडीतले निखारे घेतले.

मग तिनं कनवटीची एक उदबत्ती काढली, निखाऱ्यावर पेटवली आणि दारात उभी राहून हात लांब करून धरली. धूर डावीकडे झुकला. ती उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा धरली, पुन्हा बघितलं. मला तिनं ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात उभं केलं, खांद्याला धरून, अर्धं पाऊल मागे. खापर डाव्या कुंपणाशी नेऊन ठेवलं.

मूठ माझ्यावरून ओवाळून तिनं निखाऱ्यांत सोडली. मिरच्या जळत राहिल्या. मी श्वास घेतला, आणखी एक घेतला. काही नाही. नाकाशी साधी झिणझिणही नाही.

"एक ठसका न्हाई," सोनाक्का म्हणाली, आणि माझ्या डोळ्यात डोळे घालून पुढे म्हणाली, "लई नजर लागली हुती, बाई तुमाला."

डाव्या कुंपणापलीकडे, आपल्या दारात चहा पीत बसलेला भिसे बराच वेळ खोकत होता.